मोंतोनेपर्यंत पोहोचताना: नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मारकाचा प्रवास

इटलीच्या उम्ब्रिया प्रांतात, तिबेर आणि कार्पिना या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या एका डोंगरमाथ्यावर मोंतोने नावाचे तटबंदीचे लहानसे गाव आहे. रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस अशी ठरीव सहल करणाऱ्यांच्या वाटेत ते येत नाही. मी तिथे जायचे ठरवले ते दुसऱ्या महायुद्धात याच भागात लढताना मरण पावलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्यामुळे. माझे आजोळ रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात असल्याने पळसगावचा हा जवान आणि माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारातला त्यांचा पुतळा मला लहानपणापासून ठाऊक होता. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या पालिकेने आणि काही इटालियन लष्करी इतिहासकारांनी मिळून त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारल्याची बातमी वाचली आणि पुढच्या इटलीभेटीत इथे जायचेच, असे मनाशी पक्के केले.

स्वतःची गाडी नसेल तर इथे पोहोचणे हे थोडे चिकाटीचे काम आहे. रोमहून फोलिन्योमार्गे पेरूजाकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीने निघून मी पेरूजाच्या अलीकडच्या पोन्ते सान जोव्हान्नी या स्थानकावर उतरलो आणि तिथून तिबेरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या छोट्या प्रादेशिक गाडीने उंबेर्तिदे गाठले. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसू शकतो. खरी कसोटी असते ती उंबेर्तिदेहून वर डोंगरावर जाणाऱ्या बसची. वेळापत्रकात ‘फेरियाले’ असे लिहिलेली बस रविवार व सुट्ट्या सोडून, म्हणजे शनिवारीही, धावते. पण ‘स्कोलास्तिको’ असे लिहिलेली बस फक्त शाळा सुरू असताना सुटते. घाडगे यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास जायचे म्हणून मी जुलै महिना निवडला होता आणि जुलैमध्ये इटलीतल्या शाळांना सुट्टी असते. त्यामुळे वेळापत्रकातल्या काही फेऱ्या आपोआप गळाल्या, आणि मी मुक्कामाच्या जागेच्या मालकिणीला आधीच कळवून टॅक्सी ठरवून घेतली. ऐनवेळी स्थानकाबाहेर टॅक्सी उभी असेल अशी अपेक्षा या भागात ठेवू नये. बसने जाणाऱ्यांनी तिकीट तंबाखूच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवावे.

टॅक्सीला अवकाश होता म्हणून उंबेर्तिदेत थोडे हिंडलो. या गावाची युद्धाची आठवण निराळी आहे. २५ एप्रिल १९४४ रोजी तिबेरवरचा पूल उडवण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले बाँब घरांवर पडले आणि सत्तर नागरिक मृत्युमुखी पडले. जर्मनांच्या ताब्यातून मुक्त करणारे सैन्य आणि बाँब टाकणारी विमाने एकाच बाजूची होती, ही गोष्ट इथल्या लोकांना विसरता येण्यासारखी नाही. वर मोंतोनेत एका परकीय जवानाचे स्मारक उभे राहिले, त्याचे मोल मला हे कळल्यानंतरच नीट समजले.

मोंतोने समुद्रसपाटीपासून ४८२ मीटर उंचीवर आहे आणि लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास आहे. बोर्गो, मोन्ते आणि व्हेर्झिएरे या तीन वेशींच्या नावांनी गावाचे तीन भाग ओळखले जातात व ऑगस्टमधल्या उत्सवात ते एकमेकांशी चुरशीने स्पर्धा करतात. हा उत्सव येशूच्या काटेरी मुकुटातला मानल्या जाणाऱ्या एका काट्याचा आहे. कार्लो फोर्तेब्राच्चो याला तो व्हेनिसकडून मिळाला आणि त्याने तो १४७३ मध्ये गावाला अर्पण केला. कार्लोचा बाप ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा या घराण्याचा खरा पराक्रमी पुरुष. भाडोत्री सैन्याचा सेनापती असलेला हा माणूस १४१६ मध्ये पेरूजाचा सत्ताधीश झाला आणि १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन मेला. घराण्याचा इथला किल्ला पुढे पोपच्या सैन्याने पाडला, त्याचे अवशेष उंचवट्यावर दिसतात.

सान फ्रान्चेस्को या जुन्या चर्चमध्ये आता गावाचे संग्रहालय आहे. लहान गावांतली संग्रहालये दुपारी बंद असतात आणि काही वारी उघडतच नाहीत, म्हणून वेळा आधी विचारून घेतलेल्या बऱ्या. आत पंधराव्या शतकातला चित्रकार बार्तोलोमेओ कापोराली याने रंगवलेले मिरवणुकीचे निशाण पाहण्यासारखे आहे. याच चर्चसाठी लुका सिन्योरेल्ली याने १५१५ मध्ये काढलेले चित्र मात्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अशा बाबतीत आपली आणि मोंतोनेकरांची तक्रार एकच असावी.

सूर्यघड्याळाच्या स्मारकावरील लॅटिन वचनाचा आशय असा आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. स्मारक साधे आहे आणि ते साधे ठेवले हे मला आवडले. इथे उभे राहून खोऱ्याकडे पाहिले की लढाईचे गणित समजते: नदीकाठच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून मारा करता येत असल्यामुळे प्रत्येक टेकाड स्वतंत्रपणे जिंकल्याशिवाय सैन्याला पुढे सरकता येत नव्हते. जुलै १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढणाऱ्या ब्रिटिश भारतीय सैन्याच्या दहाव्या डिव्हिजनने हेच काम केले. १० जुलै रोजी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीने जर्मन मोर्च्यावर हल्ला चढवला, तेव्हा घाडगे यांच्या तुकडीतले ते स्वतः सोडून सगळे मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्च्यावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला व दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच मोर्च्यात ते मरण पावले. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या अशा वीस पदकांपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाली, आणि त्या मोहिमेत पाच हजार सातशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

घाडगे यांची समाधी मोंतोनेत शोधू नये, कारण त्यांची अंत्यविधीची जागा ज्ञात नाही. त्यांचे नाव रोमच्या आग्नेयेला असलेल्या कास्सिनो युद्धस्मशानभूमीतल्या स्मारकावर कोरलेले आहे. रोमहून तिथे थेट रेल्वेगाडी जाते आणि स्थानकापासून स्मशानभूमी चालत जाण्याजोगी आहे. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या शिलापट्टांवर असल्याने सरळ शोधू लागल्यास वेळ जातो. नावांची मांडणी रेजिमेंट, मग हुद्दा आणि मग आडनाव अशी आहे. म्हणून आधी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’चा पट्ट गाठावा आणि त्यात नाईक या हुद्द्याखाली पाहावे.