आमची वाटचाल: फ्लेवर, विषाक्तता आणि ड्रमवरचं लेबल

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वडिलांनी युनिट टाकलं तेव्हा धंदा साधा होता. मुंबईहून फ्लेवरची रसायनं आणायची, मिसळायची आणि बडोदा, आणंद, भरूचच्या बेकरीवाल्यांना, सरबतवाल्यांना एसेन्स पुरवायचे. बडोद्याच्या कलाभवन कॉलेजातून केमिकल इंजिनिअरिंग करून मी धंद्यात आले आणि हळूहळू आम्ही काही रसायनं स्वतःच बनवायला लागलो. त्यातलं पहिलं चांगलं चाललेलं म्हणजे ट्रायमिथाइल पायराझिन. भाजलेल्या शेंगदाण्याचा, कोकोचा वास देणारं.

पहिल्या परदेशी गिऱ्हाइकाने सॅम्पल पास केलं आणि लगेच कागद मागितला: तीव्र मौखिक विषाक्ततेची माहिती. म्हणजे एकदाच, तोंडावाटे, किती मात्रा गेली तर प्राणी दगावतो. एका प्रयोगशाळेने चाचणीचं कोटेशनही पाठवलं. मी ते घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या बाईंकडे गेले. औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला. ‘‘अगं, हे रसायन काय तू शोधलंस? याचा आकडा कधीचा छापून आलाय. पुन्हा उंदीर कशाला मारायचे? आधी तुझ्या मालाची शुद्धता बघ, त्यात कसली भेसळ राहते ते बघ.’’

आकडा होताच. उंदरांमध्ये एलडी-५० शरीराच्या वजनाच्या किलोमागे ८०६ मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेला निम्मे प्राणी दगावतात, असा त्याचा अर्थ. ही मोजपट्टी १९२७ साली ट्रेव्हन यांनी मांडली. आम्ही आमच्या बॅचचं जीसी (मालातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी) करून घेतलं, अशुद्धी कोणत्या आणि किती ते लिहिलं आणि छापील आकड्यासोबत पाठवलं. गिऱ्हाइकाने मान्य केलं.

पण त्या रात्री मी एक गुणाकार केला आणि आमच्या कारखान्याची दिशा बदलली ती तिथूनच. बिस्किटात हे रसायन किलोला पाच मिलिग्रॅमच्या आसपास पडतं असं धरू. साठ किलोच्या माणसाला ८०६ चा आकडा जसाच्या तसा लावला, तर होतात जवळपास ४८ ग्रॅम. (उंदराचा आकडा माणसाला असा सरळ लावत नाहीत, अंदाजापुरतंच.) तेवढं पोटात जायला साडेनऊ टनांच्या वर बिस्किटं लागतील. आमच्या शेडमध्ये मात्र ४८ ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे, आणि ड्रम पंचवीस किलोचा. बिस्किट खाणाऱ्या मुलाच्या सुरक्षेसाठी वेगळे, दीर्घ मुदतीचे अभ्यास लागतात. हा आकडा आधी आमच्या माणसांसाठी आहे. जो वाटीने रसायन मोजतो, जो तोंडाने नळी ओढून ड्रम रिकामा करायला बघतो, त्याच्यासाठी.

तेव्हापासून प्रत्येक ड्रमवर गुजराती आणि हिंदीत लेबल लागलं, उद्गारचिन्हाच्या खुणेसह. किलोमागे ३०० ते २००० मिलिग्रॅम हा जीएचएसचा, म्हणजे रसायनांचे धोके वर्गात मांडणाऱ्या जागतिक पद्धतीचा, चौथा वर्ग: ‘गिळल्यास अपायकारक’. नळी तोंडाने ओढणं बंद झालं, हातपंप आले. चहा शेडच्या बाहेर गेला. त्यावर कुरकुर बरीच झाली, पण मी ऐकलं नाही.

पुढे आम्ही एक असं संयुग बनवलं, ज्याचा आकडा कुठेच नव्हता. जवळच्या रचनेच्या संयुगांवरून अंदाज बांधून पाहिला, तो पुरेना. तेव्हा चाचणी करावीच लागली. गुजरातमधल्याच एका जीएलपी (चाचण्यांच्या दर्जाचे ठरलेले नियम पाळणाऱ्या) प्रयोगशाळेत, तिथल्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेऊन. मी जाऊन बघण्याचा हट्ट धरला.

जुन्या ४०१ क्रमांकाच्या पद्धतीत एका रसायनासाठी वीस-तीस प्राणी सहज जात. अशा चाचण्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती २००२ च्या अखेरीस रद्द केली. आमची चाचणी तिच्याच ४२३ क्रमांकाच्या पद्धतीप्रमाणे झाली: एका टप्प्याला उंदरांच्या तीन माद्या, तरुण, न व्यालेल्या. रात्रभर उपाशी ठेवलेल्या. सकाळी प्रत्येकीचं वजन करून त्या हिशेबाने कॉर्न ऑइलमधली मात्रा भरली आणि टोकाला गोल बोंड असलेल्या सुईने थेट जठरात सोडली. करणाऱ्या मुलीचा हात इतका स्थिर होता की मादीने धडपडही केली नाही. माहिती काहीच नसेल तर सुरुवात ३०० मिलिग्रॅमपासून करतात. तिथे कुणी दगावलं नाही, पुढच्या तिघींतही नाही. मग २०००. पहिल्या चार तासांत कोणी नजर हटवत नव्हतं: अंगावरचे केस उभे, पाय ओढत चालणं, मग कोपऱ्यात निपचित पडणं. दोघी गेल्या. तिसरीवर, आधीच्या सहा जणींसारखंच, चौदा दिवस लक्ष ठेवलं; मग वाचलेल्यांनाही मारून शवविच्छेदन. निकाल: चौथा वर्ग.

नऊ जीव गेले. म्हणूनच तो अहवाल आम्ही कपाटात कोंडून ठेवत नाही. त्या रसायनाचा माल घेणाऱ्या कुणीही मागितला तर देतो, म्हणजे तीच चाचणी दुसऱ्या कुणाला पुन्हा करावी लागू नये. धंद्यातले काही जण याला वेडेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही.

तरीही या एका आकड्यावर विसंबून चालत नाही. लोण्याच्या वासाचं डायअसेटाइल घ्या. तोंडावाटे त्याचा आकडा दीड हजाराच्या वर, म्हणजे आमच्या पायराझिनपेक्षा सौम्य. पण अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याच्या वाफेने कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाल्याचं २००० साली उघड झालं. गिळण्याची चाचणी श्वासाबद्दल काही सांगत नाही. म्हणून आमच्याकडे मिक्सिंगच्या टाक्यांवर आता एक्झॉस्ट हुड आहेत आणि डायअसेटाइलची ऑर्डर आम्ही घेत नाही.

सध्या कॉफीच्या वासाच्या एका गंधकयुक्त संयुगावर काम चालू आहे. बाईंनी जुन्या जर्नलांची यादी काढून दिली आहे. ती वाचून झाल्यावरच सॅम्पल प्रयोगशाळेत पाठवायचं की नाही ते ठरेल, आणि तोवर ते रसायन दोनशे ग्रॅमच्या बाटलीतच, कुलपात राहील.