बरोबर १० वर

आज दिवसभर उप्पालमध्ये (UPPAAL, वेळेवर चालणाऱ्या सिस्टिमचं मॉडेल तपासायचं सॉफ्टवेअर) एकच मॉडेल, दोन ट्रेन आणि एकच रूळ असलेला पूल. येणारी ट्रेन वेळेच्या पहिल्या १० युनिटमध्येच थांबवता येते, नंतर नाही. सिम्युलेशन कितीदा चालवलं, सगळं ओके, आणि व्हेरिफाय केलं (म्हणजे सगळ्या शक्यता तपासल्या) तर डेडलॉक, मॉडेल पुढे सरकूच शकत नाही! ट्रेस (तिथवर नेणाऱ्या पायऱ्यांची नोंद) उघडून बसले तर ट्रेनमध्ये मी ‘१० पेक्षा कमी’ लिहिलेलं आणि कंट्रोलरमध्ये ‘१० पर्यंत’, म्हणजे घड्याळ बरोबर १० वर आलं की दोघंही अडकले. तो एक क्षण टेस्टिंगमध्ये कधी सापडला असता देव जाणे, म्हणूनच हे काम मला मनापासून आवडतं. अलूर आणि डिल यांचा टाइम्ड ऑटोमाटावरचा (घड्याळं जोडलेली अशी मॉडेल्स, उप्पाल त्यांवरच चालतं) १९९४ चा पेपर संध्याकाळी परत काढला (राजीव अलूरांचा जन्म पुण्यातला, फार भारी वाटतं). मग ती अट सुधारली, रन केलं, हिरवा दिवा!