पोराला घाट लागायचा

वाईत माझं गॅरेज आहे, मेन रोडला नाही, आत गल्लीत, त्यामुळे माझ्याकडं येणारी गाडी बहुतेक वेळा आधी दोन-तीन ठिकाणी पैसे घालवून आलेली असते. ही ओम्नी पण तशीच. 2007 ची, पेट्रोल, मागची सीटं काढून पावाच्या ट्रेसाठी अँगल मारलेले. मालक बेकरीवाले चाचा, रोज पहाटे पाचला निघून पसरणी घाटानं पाचगणीला माल पोचवतात, हॉटेलं आणि बोर्डिंग शाळांच्या मेस. तक्रार एकच, "मिस्त्री, गाडी घाटात दम सोडती."

आधीच्यांनी प्लग, फिल्टर, कॉइल आणि क्लच प्लेट बदललेली. शेवटच्यानं सांगितलं हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले पार्ट बदला, 28 हजार. आमच्या धंद्यात हाफ इंजिन करा म्हणजे 'मला कळलं नाही' असं समजायचं. मी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर तिन्ही सिलिंडर 160 पीएसआयच्या आसपास, एकमेकांत 5 चा पण फरक नाही. अशा इंजिनला हात लावणं म्हणजे पाप आहे. स्कॅनरला फॉल्टचा कोड नव्हता, आणि हल्लीची पोरं कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही म्हणून गाडी परत देतात, पण सायलेन्सरच्या पोटात काय चाललंय ते त्या ईसीएमला, गाडीच्या कॉम्प्युटरला, कुठनं कळणार?

मला पहिल्यापासून धूर अडतोय असंच वाटत होतं. त्यासाठी मी एक गेज बनवलाय, त्याचं मला कौतुक आहे म्हणून सांगतो. धुराच्या पाईपात बसतो तो ऑक्सिजन सेन्सर, एक जुना घेतला, आतलं सगळं ठोकून काढलं, त्याच्या बॉडीला तांब्याची नळी पितळ मारून जोडली, दोन फूट वेटोळं केलं म्हणजे धूर थंड होतो, पुढं रबरी होज आणि त्याला 0 ते 15 पीएसआयचा गेज, तो पुण्याच्या नाना पेठेतनं आणला. एअर कंप्रेसरचा गेज चालत नाही, त्याच्यात 2 आणि 5 मधला फरक दिसतच नाही. गाडीचा सेन्सर काढायचा, त्या भोकात हा बसवायचा. आयडलला काटा जेमतेम हलला पाहिजे, रेस धरून 3000 आरपीएमला ठेवली तर 3 च्या वर जायला नको. गेला तर पुढं कुठंतरी चोक आहे, कॅटमध्ये (धूर साफ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाहीतर सायलेन्सरमध्ये.

ओम्नीला लावला. 3000 ला दीड. एकदम मोकळी.

मग मी एक्झॉस्टचा नाद सोडला, तिथंच चुकलं. फ्युएल प्रेशर बघितलं तर थोडं कमी वाटलं, पंप बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, 4200 घेतले. तिसऱ्या दिवशी चाचा परत दारात. ओरडले नाहीत, नुसते उभे राहिले, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता आठवलं की वाईट वाटतं, चाचांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. निम्म्या घाटापर्यंत बरी चालते आणि मग अचानक मरते, उतरताना परत बरी होते. वळणावर मागनं ठण्ण आवाज येतो. आणि भाच्याला घाट लागतो म्हणून एखादा दिवस पोरगा येत नाही, मग माल उतरवायला माणूस नसतो. आवाज मी ट्रेचा समजलो. घाट लागण्याचं तर माझं काम नाही म्हणून ऐकलंच नाही.

शेवटी म्हणलं चाचा, उद्या मी येतो. जानेवारीची थंडी, काचा बंद, गेजची होज सीटखालनं वर काढून मांडीवर गेज. मागं ट्रेच्या मधे क्रेटवर ते पोरगं बसलेलं, पंधरा-सोळा वर्षांचं असेल, हातात लिंबू. मी चेष्टा केली, रोज घाट चढतोस आणि रोज ओकतोस होय रे? हसलं बिचारं.

पहिली वळणं काटा 2 वर. मग एका उभ्या वळणावर चाचांनी दुसरा गिअर टाकून दाबली आणि मागं ठण्ण, आणि काटा एका झटक्यात 8 वर! गाडी दुसऱ्यात, पाय तळाला टेकलेला, आणि स्पीड सायकलचा. पुढं जागा बघून गाडी वळवायला लावली, तोंड उताराकडं झालं की ठण्ण, काटा दीडवर. परत चढाकडं वळवली, थोडी चढली, ठण्ण, 9. तीनदा केलं. चाचांना वाटलं मिस्त्रीच्या डोक्यावर परिणाम झाला.

सायलेन्सर डुप्लिकेट होता, कुठंतरी 900 रुपयाला बसवलेला. आतल्या प्लेटला चार टाके मारतात, ते तुटलेले. चढाला प्लेट मागं घसरायची आणि बाहेरच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायची, उताराला पुढं सरकायची. आणि चाचा माझ्याकडं कधी यायचे, तर पाचगणीहून खाली उतरल्यावर! म्हणजे माझ्या दारात येताना दर वेळी प्लेट पुढंच असणार, गेजला दिसणार काय कपाळ? पीयूसी पण असंच, सपाटीला, आयडलवर, एकदम पास. तिथंच खाली झोपून सायलेन्सरचा फ्लँज, म्हणजे पाईपचा जोड, ढिला केला, 14 चा पाना, गंजलेले नट, हात भाजला तो डाग अजून आहे. ट्रॅक्टरसारखा आवाज करत वर गेलो पण तिसऱ्यात गेलो.

एवढ्यावर ही भारी केस झाली असती. पाचगणीला माल उतरवून गेज काढायला सीट वर केली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, माहीतच असेल. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातनं धूर बाहेर काढणारा भाग, आणि पाईपच्या जोडावर काळी काजळीची रेघ, पॅकिंग फुंकलेलं. मागं कोंडलं की धूर कुठनं तरी वाट काढणारच. सीटखालच्या झाकणाचं रबर एका बाजूनं गेलेलं. म्हणजे चढाला, दाबून चालवताना, काचा बंद असताना धूर सरळ आत. आणि आत ताज्या पावाचा वास, त्यामुळे नाकाला पत्ता नाही, आणि त्यातला जो माणूस मारतो त्या कार्बन मोनॉक्साईडला तर वासच नसतो. माझं डोकं जड झालं होतं, मी समजलो चहा झाला नाही म्हणून.

गेज मीच लावला होता. टॉर्च धरून, हात त्या जोडापासून वीतभर. काजळी दिसली असणार. जुन्या गाडीला काजळी असतेच असं म्हणून डोळ्यांनी सोडून दिलं असणार.

सायलेन्सर नवीन, चांगला, पॅकिंग, झाकणाचं रबर, एक स्टड तुटला तो ड्रिल करून काढला, त्यात अख्खी दुपार गेली. कॅट हलवून, टॉर्च मारून बघितला, ठीक होता. पंपाचे पैसे वजा केले तर चाचा म्हणाले नवीन पंप गाडीतच हाय की, निम्मे घ्या. घेतले.

परवा चाचा ऑइल बदलायला आले तर पोरगं बरोबर होतं. म्हणलं घाट लागतो का रे अजून? नाही म्हणाला. चाचा म्हणाले, आता त्याला पुढं बसवतो, म्हणून. असेल. पुढं बसलं की मला पण कमी लागतो. गाडी कधीपासून दम सोडायला लागली ते चाचांना विचारलं, गणपतीच्या आसपास म्हणाले. घाट कधीपासून लागायला लागला ते पोराला विचारायचं तोंडावर आलं होतं, पण मी ऑइलचा डबा आणायला आत गेलो.