घोडबंदर रोडचा कॅम

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात येतं ते बोअरचं, हेडचं आणि क्रँकचं काम. टेम्पो, जनरेटर, जेसीबी, मधूनच एखादी जुनी जीप. त्यामुळे पिकअपमधून शेव्हरोलेचं व्ही-एट, आठ सिलिंडरचं इंजिन, उतरलं तेव्हा शेजारचा प्रेसवालाही मशीन बंद करून बघायला आला.

मालक पस्तिशीचा, कासारवडवलीला राहणारा. गाडी वडिलांची, १९५७ची शेव्हरोले. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळी आपल्याकडच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, तशीच हिच्यातही बसली होती. ते काढून मुलाने ३५०चं इंजिन मिळवलं होतं, म्हणजे ३५० घनइंच, आपल्या भाषेत ५.७ लिटर. त्याला गाडीची हॉट रॉड करायची होती, जुन्या गाडीत जोरदार इंजिन घालून पळवतात तशी.

इंजिन स्टँडवर चढायच्या आत त्याने एक लांबट खोका माझ्या हातात ठेवला. मेव्हण्याने अमेरिकेहून येताना आणलेला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा.

"काका, एवढा बसवून द्या फक्त. सिग्नलला उभी असताना गाडी कशी धड-धड-धड हलली पाहिजे!"

खोक्यातलं कार्ड वाचलं. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकचे २९२ अंश, व्हॉल्व्हची उचल साडेबारा मिलिमीटरच्या वर. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, कॉम्प्रेशन दहाच्या आसपास हवं, म्हणजे सिलिंडरभर हवा दाबून दहाव्या हिश्शात बसायला हवी. ही ओळ कोणी वाचत नाही. मी म्हटलं, "बसवायचं नंतर बघू. आधी हेड उघडतो."

हेडवर नंबर निघाला ३३३८८२. सत्तरच्या दशकातलं हे हेड तडकण्यासाठी बदनाम आहे, म्हणून पहिल्यांदा क्रॅक तपासले. दोन्ही धड निघाली. मग हेडमधल्या चेंबरवर, म्हणजे पेट्रोल जळतं त्या खळग्यावर, ॲक्रेलिकची चकती ग्रीस लावून चिकटवली आणि ब्युरेटने रंगवलेलं केरोसीन सोडलं. ७६ सीसी. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी १२ सीसी, हेड पॅकिंगचे ८, आणि वर आलेला पिस्टन ब्लॉकच्या फेसपासून जेवढा खाली राहतो त्याचे ५. झाले १०१. एका सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो तेवढ्या जागेचे ७१७. दोन्हींची बेरीज भागिले १०१, कॉम्प्रेशन आलं ८.१.

त्याचा चेहरा उतरला. व्ही-एट म्हणजे ताकद, एवढंच त्याला ठाऊक. पण यात इंजिनाचा काही दोष नाही. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलपासून सगळ्याच इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि हे इंजिन त्यानंतरचं.

"मग फेस मारून घ्या ना थोडा."

म्हणजे हेडचा तळ घासून चेंबर लहान करायचं. सरळ उभ्या चार सिलिंडरला ते चालतं. व्ही-एटमध्ये दोन्ही बाजू तिरक्या. तिथे फेस मारला की दोन्ही हेड खाली सरकतात, आणि मधल्या, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डची भोकं जुळेनाशी होतात. मग त्यालाही मारा. वाटी नसलेले पिस्टन आणि लहान चेंबरचे हेड मागवले तर कॉम्प्रेशन साडेनऊच्या वर जाईल, पण तो खर्च त्याच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे पिस्टन-हेड आहेत तसेच ठेवून कॅम निवडायचा.

जुना कॅम बाहेर काढला. व्हॉल्व्ह उचलणारी त्याची एक-दोन टोकं पार सपाट झालेली. मायक्रोमीटर लावला तर जिथे सात मिलिमीटरच्या जवळपास उचल हवी तिथे साडेतीन. या काळातल्या शेव्हरोलेचे कॅम मऊ असायचे, हे जगजाहीर आहे. तेव्हा बदलायचा तर होताच. प्रश्न एवढाच की कोणता.

नुसतं बोलून पोरगा ऐकणार नव्हता, ते दिसतच होतं. म्हणून त्याचाच कॅम घातला, चेन खुणेला खूण लावून बसवली, एक नंबरच्या सिलिंडरला हलक्या स्प्रिंगा लावल्या आणि क्रँकच्या पुढे डिग्रीची चकती. प्लगच्या भोकावर त्याचा अंगठा ठेवायला लावला. "आता आमचा मिस्त्री हळूहळू फिरवेल. अंगठ्याला दाब कधी लागतो ते सांग."

पिस्टन खाली गेला, तळाला पोचला, वर यायला लागला. दाब नाही. चकती पुढे सरकतेय, दहा, तीस, पन्नास. तो माझ्याकडे बघतोय. हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या तोंडाशी मात्र फस्स करून वारा बाहेर येत होता, तो मी त्याला दुसऱ्या हाताने चाचपायला लावला. तळापासून ७२ अंश पुढे गेल्यावर व्हॉल्व्ह बसला आणि मग कुठे अंगठा उचलला गेला. तोवर पिस्टन २४ मिलिमीटर वर आला होता. अख्खा स्ट्रोक ८८चा.

"म्हणजे आत घेतलेली हवा परत बाहेर?"

"कमी फेऱ्यांवर बाहेरच. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेलाच एवढा वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती घुसत राहते. तिथे उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह फायद्याचा. पण तू गाडी चालवणार कुठे?"

हे त्याच्याऐवजी मीच सांगितलं. कापूरबावडी, माजिवडा, मग घोडबंदर रोड, आणि नशीब फुटकं असेल तर गायमुखच्या चढावर ट्रकच्या मागे अर्धा तास. इंजिन हजार ते अडीच हजार आरपीएममध्येच घुटमळणार.

कागदावर हिशेब करून दिला. कॉम्प्रेशन ८.१ हे पिस्टन तळापासून दाबतो असं धरून. खरं दाबणं व्हॉल्व्ह मिटल्यावर सुरू होतं. ७२ अंशांवर मिटला तर हातात उरतात सहाच्या किंचित वर. ५४च्या आसपास मिटला तर सात. अमेरिकन लोक याला डायनॅमिक कॉम्प्रेशन म्हणतात. आधीच कमी असलेल्यातून आणखी एक गेलं की इंजिन खालच्या फेऱ्यांत मेल्यासारखं चालतं. मग त्याला वर फिरवायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जास्त घसरणारा कन्व्हर्टर हवा, मागच्या ॲक्सलला छोटा गिअर हवा. एका कॅमपायी तीन खर्च.

तो ज्याच्या प्रेमात पडला होता, ती धडधड येते ओव्हरलॅपमधून. इनटेक उघडला तरी एक्झॉस्ट मिटलेला नसतो. या कॅममध्ये असा दोन्ही उघडे असण्याचा काळ ७२ अंशांचा. आयडलला जळका धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो, इंजिन अडखळतं, आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम, म्हणजे आतली ओढ, पडतो. याने पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवला होता. ब्रेकला जोर देणारा हा बूस्टर चालतो त्याच व्हॅक्यूमवर. पुढे मी काही बोललो नाही, तोच गप्प झाला.

हॉट रॉडवाल्यांची यात चूक नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या तळावर गाड्या पळवायची. त्यांची संघटना १९३७ची. मैलोन्‌मैल सपाट जमीन, ना सिग्नल ना रिक्षा. तिथे कमी फेऱ्यांवरचा दम लागतोच कशाला? ‘थ्री-क्वार्टर रेस’, ‘फुल रेस’ अशी कॅमची नावं त्या मंडळींतली. आपण नाव उचललं, जमीन नाही उचलली.

शेवटी ठरवला तो ०.०५० इंच उचलीवर मोजलेला २०४ आणि २१४ अंशांचा कॅम, इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं, म्हणजे त्या टोकांमधलं, अंतर ११२ अंश. एक्झॉस्टला दहा अंश जास्त, कारण या हेडचे एक्झॉस्ट पोर्ट कोंदट. व्हॉल्व्हची उचल पावणेअकरा-सव्वाअकरा मिलिमीटर. म्हणजे गाइड कापायला नको, रॉकरचे स्टड बदलायला नकोत. अमेरिकेत असे कॅम पिकअप आणि मोटरहोमवाले घालतात. हे ऐकून त्याने तोंड वाकडं केलं खरं, पण मागवला. सोबत टॅपेट, म्हणजे कॅमच्या टोकांवर टेकणारे ठोकळे, नवे. जुने टॅपेट नव्या कॅमवर घालणाऱ्याला मी परत गाळ्यात घेत नाही.

पहिल्या स्टार्टची मला जास्त धास्ती असते. सपाट टॅपेटचा कॅम सुरुवातीच्या काही मिनिटांत टिकतो किंवा जातो. टोकांना सगळ्या बाजूंनी पेस्ट फासली, ऑइल डिझेल इंजिनाचं, सीआय-४ दर्जाचं घातलं, कारण हल्लीच्या पेट्रोल ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस कमी. सुरू झाल्या झाल्या दोन हजारावर नेलं आणि वीस मिनिटं तिथेच ठेवलं, थोडं वरखाली करत. या इंजिनात कॅमवर ऑइल उडतं ते क्रँकच्या फिरण्याने. आयडलला सोडलं तर पुरेसं उडतच नाही. वीस मिनिटं गाळ्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. मग आयडलला आणलं, व्हॅक्यूम गेज लावला. काटा अठरा इंचांवर स्थिर.

नंतर गाडीत बसून गायमुखला जाऊन आला. फोन केला तेव्हा खूश होता. टॉप गिअरमध्ये चढ मारते म्हणाला, ब्रेकही छान लागतात. पण लगेच पुढे, "काका, आवाज मात्र अगदीच सभ्य आहे हो."

"आवाज हवाय तर सायलेन्सरवाल्याकडे जा. आणि त्याआधी आरटीओत जा. आरसीवर अजून डिझेल आहे ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलाची नोंद कर, नाहीतर हा सभ्य आवाजही पोलिसांना ऐकू जाईल."

मोठा कॅम विकायचाय म्हणून तो माझ्याकडेच ठेवून गेलाय. दहाच्या कॉम्प्रेशनचं इंजिन असलेलं कोणी आलं तर देईन.