मनूने सुई घेतली

आज पट्ट्या बदलताना मनूने माझ्या हातातली सुई काढून घेतली. "आई, थांब. मी करते."

तिच्या टाचेवरचा फोड सकाळी चिंचोक्याएवढा होता, संध्याकाळी रुपयाएवढा. तिची कातडी जन्मापासूनच अशी, जरा घासलं की फोड; इंदूरच्या उन्हाळ्यात तर हे ठरलेलंच. तिने फोडाच्या कडेला, अगदी खालून, आडवी सुई घातली, पाणी कापसावर टिपलं आणि वरची कातडी तशीच राहू दिली. हात जरासुद्धा थरथरला नाही. माझा अजून थरथरतो.

मी मांडीवर कात्री घेऊन नुसती बसून राहिले. जेवताना कुणाशी धड बोलले नाही. अण्णांनी विचारलं तर उन्हावर ढकललं.

मला एवढं का लागावं? नऊ वर्षं माझा दिवस ह्या दोन तासांना बांधलेला आहे. चिकटलेली पट्टी मिठाच्या कोमट पाण्याने सैल करायची, शिवण घासू नये म्हणून फ्रॉक उलटा घालायचा, एकेक बोट वेगळं गुंडाळायचं. डाव्या हाताची करंगळी... नको, ते आज नको.

व्हायजुवेक लावतानाचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेल! अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालेलं जेल. वरची कातडी खालच्या कातडीला धरून ठेवतं ते सातवं कोलॅजेन नावाचं प्रथिन; ते बनवणारं जनुकच मनूकडे बिघडलेलं आहे. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू घ्यायचा, त्याची वाढायची ताकद काढून टाकायची आणि चांगलं जनुक त्याच्याकरवी जखमेत पोचवायचं. चाचणीत ३१ जण होते. सहा महिन्यांनी जेल लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरलेल्या, औषधाविना नुसतं जेल लावलेल्या २२ टक्के. हे आकडे मला झोपेतही पाठ आहेत.

ते जनुक आपल्या गुणसूत्रांत शिरून कायमचं राहत नाही, म्हणून दर आठवड्याला थेंब घालावे लागतात, सेंटिमीटरभर अंतर ठेवून. ते वाचून मनूचे बाबा हळहळले होते. मला मात्र बरं वाटलं होतं. आज पहिल्यांदा हे लिहितेय. दर आठवड्याला माझाच हात लागणार, असं मी मनात धरून बसले होते. एक बिघडलेलं जनुक माझ्याकडून गेलं, एक ह्यांच्याकडून. तर निदान भरपाई तरी माझ्या हातून व्हावी. औषध यायच्या आधीच मी माझी जागा अडवून ठेवली होती. आणि ती जागा मनूची होती.

झोपण्याआधी तिची पट्टी पाहिली. चारही कोपरे गोल कापलेले. "टोक राहिलं की पांघरुणात अडकून सुटतं," म्हणाली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं चौकोनी पट्ट्या लावतेय, आणि तिने कधी बोलूनही दाखवलं नाही. हळूच हसले. मग बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिले.

माझ्या कात्रीची कडी तिच्या अंगठ्याला घासत होती, ते तेव्हाच दिसलं होतं. उद्या राजवाड्याकडे जाऊन लहान कात्री आणायची. कड्यांना मऊ कापड गुंडाळून, मगच तिच्या हातात द्यायची.