दमा, चोंदलेलं नाक आणि घोरणारं मूल

दम्यासाठी मुलाला तपासायला नेणारे आईवडील खोकल्याबद्दल सगळं सांगतात. घोरण्याबद्दल मात्र विचारल्याशिवाय सहसा कुणी बोलत नाही. घोरणं म्हणजे गाढ झोप, असाच समज असतो. सर्दी नसतानाही मूल आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री घोरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

नाक, घसा आणि फुप्फुसं हा एकच रस्ता आहे. श्वास आत घेताना हवेला जो अडथळा होतो, त्यातला निम्म्याहून जास्त नाकातच असतो. ॲलर्जीने नाकाचं अस्तर सुजलं की तो आणखी वाढतो, आणि आडवं झाल्यावर अस्तरात रक्त साठून नाक जास्तच चोंदतं. मग मूल तोंडाने श्वास घेऊ लागतं. जबडा खाली येतो, जीभ मागे सरते आणि घशातली वाट अरुंद होते. दोन ते आठ या वयात टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी घशाच्या मानाने मोठ्या असतात. तेवढ्यात ॲलर्जीची सूज आली की आधीच चिंचोळी असलेली वाट झोपेत मधूनमधून बंद पडते. हाच झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया.

तोंडाने घेतलेली हवा नाकात गाळली जात नाही, कोमट आणि दमटही होत नाही. ती कोरडी हवा दम्याच्या श्वासनलिकांना चिडवते. म्हणूनच औषधं नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर डोस वाढवण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: इनहेलर स्पेसर (त्याला जोडायची पोकळ नळी) लावून बरोबर घेतला जातो का, आणि मूल घोरतं का.

रात्रीचा त्रास कुठून येतोय हे ओळखायला कान आणि घड्याळ पुरतं. दम्याचा खोकला बहुधा मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे वाढतो. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि मूल उठून बसतं. श्वासरोधात आवाज श्वास घेताना येतो: घोरणं, मग एकदम शांतता, आणि नंतर धडपडून घेतलेला मोठा श्वास. मान मागे टाकून झोपणं, घामाने उशी भिजणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं या त्याच्याच खुणा. अशी मुलं दिवसा पेंगतीलच असं नाही. बरीचशी उलट चिडचिडी आणि चंचल होतात, आणि शाळेत त्यांच्यावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. याचं फार वाईट वाटतं.

मूल झोपल्यावर सदरा वर करून छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, हे त्यात दिसतं आणि डॉक्टरांचा अंदाज पक्का होतो. निदानाची खात्री मात्र रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनेच होते. तिचा अहवाल मोठ्यांच्या मापाने वाचू नका. मोठ्यांमध्ये श्वास अडण्याचे तासाला पाचपेक्षा कमी प्रसंग चालवून घेतात, मुलांमध्ये एकापेक्षा जास्तही असामान्य धरले जातात.

नाकासाठी डॉक्टर सहसा स्टेरॉइडचा स्प्रे देतात. तो लागू पडला नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा मारण्याची पद्धत चुकलेली असते. आधी सलाईनने, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, नाक साफ करा. बाटली हलवा, मुलाची मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेर, कानाच्या दिशेने राहतं. फवारा पडद्यावर पडला की नाकातून रक्त येतं. जोराने श्वास ओढायला लावलं तर औषध घशात उतरून वाया जातं. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात, त्यामुळे चार दिवसांत बंद करू नका. नाक झटपट मोकळं करणारे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. ते जास्त दिवस वापरले की नाक उलट जास्तच चोंदतं. काही मुलांना मॉन्टेलुकास्ट या दमा-ॲलर्जीवरच्या औषधाच्या गोळ्या देतात. त्या सुरू असताना वाईट स्वप्नं, चिडचिड किंवा वागण्यात बदल दिसला तर लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला आहे.

धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. साध्या पाण्यात किडे मरत नाहीत. मऊ खेळणी अंथरुणातून काढा. घरात विडी-सिगारेट कुठल्याच खोलीत नको.

जागेपणीही बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील किंवा बोलताना धाप लागत असेल, तर थांबू नका, तडक रुग्णालयात जा.

टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर बहुतेक मुलांची झोप सुधारते, अनेकांचा दमाही निवळतो. पण नाकाची ॲलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही. स्प्रे सुरू ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा, आणि दोन-तीन महिन्यांनी घोरणं परत सुरू झालंय का ते बघा. असेल तर झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या.