कौलं घातलेला स्लॅब: खरी बचत कुठे होते आणि कुठे हात पोळतात

कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांवरची मंगलोरी कौलं उतरवून स्लॅब टाकायची लाट अजून ओसरलेली नाही. उतरवलेली कौलं परसात रचून ठेवतात, त्यावर शेवाळ चढतं. तीच कौलं नव्या स्लॅबच्या पोटात घालता येतात. याला फिलर स्लॅब म्हणतात. कमी खर्चाच्या घरांसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत केरळात इतकी वापरली की आज तिथल्या गवंड्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे मात्र सेंटरिंगवाला (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू बांधणारा) पहिल्यांदा नकारार्थी मान हलवतो, म्हणून थोडं सविस्तर.

दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबवर वजन आलं की वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण जवळजवळ नाहीच. खालचा ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट सळईला धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत काँक्रीटऐवजी काहीतरी हलकं घाला, एवढीच ही युक्ती.

३ × ४ मीटरची खोली आणि १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब घेऊ. कौल ४१० × २३५ मिलिमीटर धरलंय. कारखान्यागणिक माप बदलतं, तेव्हा आपल्या ढिगातल्या कौलांना टेप लावूनच नकाशा काढा. दोन कौलं एकमेकांवर पालथी-उताणी ठेवली की साधारण ७० मिलिमीटर उंची होते, वर ५० ते ५५ मिलिमीटर सलग काँक्रीट उरतं. ५० च्या खाली जाऊ नका. दोन जोड्यांमध्ये ७५ मिलिमीटरचा पट्टा आणि भिंतीलगत चारी बाजूंनी ३०० मिलिमीटर भरीव ठेवायचं, कारण टेकूजवळ स्लॅब कातरला जाण्याचा धोका असतो आणि तिथे काँक्रीट हवंच.

कौलाची लांब बाजू खोलीच्या आखूड बाजूला समांतर ठेवा. मुख्य सळया ३ मीटरच्या दिशेने जातात आणि त्या जवळजवळ हव्यात. कौल असं ठेवलं तर पट्टे ३१० मिलिमीटरवर येतात. उलटं ठेवलं तर ४८५ वर, म्हणजे मुख्य सळईसाठी फारच लांब. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे मुख्य सळयांतलं अंतर ३०० च्या वर जायला नको. म्हणून प्रत्येक पट्ट्यात दोन-दोन सळया. सळई किती जाडीची हे इंजिनिअर ठरवेल, त्याला कौलांचा नकाशा आधी द्या. साध्या स्लॅबचं ड्रॉइंग घेऊन नंतर मधे कौलं कोंबणं हा सगळ्यात जास्त दिसणारा घोळ.

या मापात एका दिशेने ५ आणि दुसरीकडे ११, अशा ५५ जोड्या बसतात. म्हणजे ११० कौलं. दीड घनमीटर काँक्रीटपैकी ०.३७ वाचतं, जवळजवळ पावभाग. एम २० या प्रतीच्या काँक्रीटच्या हिशोबाने सिमेंटची तीनच पोती! कौलांचं वजन वजा करूनही स्लॅब सहाएकशे किलोने हलका होतो, त्यामुळे सळईही थोडी कमी लागते. पण नवी कौलं विकत आणून, वर रचायची जादा मजुरी देऊन हे केलंत तर बचत हवेत जाते. पैसे खरे वाचतात ते जुनी कौलं फुकट असतील तेव्हा आणि खालून गिलावा-रंग करायचा नसेल तेव्हा. सेंटरिंगचा खर्च आहे तेवढाच राहतो.

कौल बोटाच्या पेरानं वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द आवाज आला तर बाजूला काढा. चुलीच्या धुराची काजळी तारेच्या ब्रशने घासा. रिपेला अडकणाऱ्या खुंटीची बाजू आत आली पाहिजे आणि दोन खुंट्या एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर जोडी डुगडुगते. आदल्या दिवशी जोडीच्या कडा १:४ मसाल्याने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) बुजवा. हे टाळलं तर स्लॅब भरताना सिमेंटचं पाणी पोकळीत शिरतं आणि पट्ट्यात नुसती खडी उरते.

प्लायला जळकं ऑइल लावू नका, त्याचे डाग कौलातून जात नाहीत; पातळ प्लॅस्टिक अंथरा. सुताने चौकट आखा, सळया बांधा, सळई प्लायपासून वर राहावी म्हणून खाली २० मिलिमीटरची कव्हर (ठोकळे) ठेवा, मग चौकोनांत जोड्या बसवा. कौलांवरून बारीक सळयांची हलकी जाळी. विजेचे पाइप पट्ट्यांतूनच न्या, कारण कौलावरच्या ५० मिलिमीटरात पाइप आला की तिथे चीर ठरलेली. पंख्याचा बॉक्स दोन पट्टे छेदतात तिथे.

भरायच्या आधी कौलं पाण्याने पूर्ण भिजवा. कोरडं कौल ताज्या काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतं आणि त्याच्या कडेचा माल भुसभुशीत होतो. खडी १२ मिलिमीटरची घ्या आणि व्हायब्रेटरची (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) निडल बारीक, नाहीतर पट्ट्यात ती उतरतच नाही. आधी पट्टे भरून व्हायब्रेट करा, लगेच वरचा थर. चालायला फळ्या टाका. घमेलं घेऊन कौलावर पाय पडला की ते फुटतं आणि हे कळतं सेंटरिंग खोलल्यावर. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन भिंतींमधल्या अंतराला) टेकू निदान ७ दिवस, पाणी १० दिवस. सेंटरिंग खोलल्याबरोबर कौलांवरचे सिमेंटचे ओघळ ओल्या फडक्याने पुसा. वाळल्यावर घासत बसावं लागतं.

छज्जा आणि पुढे निघालेली बाल्कनी यांत कौलं अजिबात नकोत. तिथे ताण वर असतो आणि दाब खाली, म्हणजे नेमकं कामाचं काँक्रीटच तुम्ही काढून टाकाल. संडास-बाथरूमचा खोलगट स्लॅबही वगळा.

घर गार राहतं म्हणतात, ते अर्धंच खरं. पोकळीतली हवा थोडी उष्णता अडवते, पण पट्टे आणि वरचा थर सलग काँक्रीटच आहे. वर गच्चीवर पांढरी चायना मोझेक (फरशीच्या तुकड्यांचा थर) केली तर त्याचा फरक कौलांपेक्षा जास्त जाणवेल.

भरण्याआधी सळया, पाइप आणि कौलं दिसतील असे फोटो काढा, भिंतीपासूनची मापं लिहून ठेवा. पुढे झोपाळा टांगायचा असेल तर त्याची कडी इंजिनिअरला विचारून स्लॅब भरतानाच सळईला बांधून घ्या. दिव्यासाठी नंतर भोक पाडायचंच असेल तर ते पट्ट्यात, सळई चुकवून पाडा. कौलात पाडलं तर फास्टनर पोकळीत नुसता गोल फिरत राहतो.